सही जुळत नाही

पत्र आलं ते नोव्हेंबरच्या मध्यावर. २०२४ ची अध्यक्षीय निवडणूक होऊन गेली होती, आपल्या सगळ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर निकालाची भांडणं अजून चालू होती, आणि माझ्या हातात हा कागद: तुमच्या मतपत्रिकेच्या पाकिटावरची सही आमच्या नोंदीतल्या सहीशी जुळत नाही. खालच्या चौकटीत सही करून परत पाठवा. तोपर्यंत तुमचं मत मोजता येणार नाही.

नागरिकत्वाची शपथ घेतल्यानंतरचं माझं हे पहिलं मत. इथे कॅलिफोर्नियात मतपत्रिका टपालाने घरी येते आणि ती भरायला बसलं की अभ्यासच करावा लागतो, राष्ट्राध्यक्षापासून न्यायाधीशांपर्यंत आणि वर डझनभर प्रस्ताव. तीन रात्री मुलं झोपल्यावर टेबलाशी बसून मी ती भरली होती. पाकीट चिकटवलं, सही केली आणि चालत जाऊन पेटीत टाकलं.

चूक सहीची होती आणि ती माझीच होती. मतदार म्हणून नोंदणी करताना मी इंग्रजीत सही केली होती. पाकिटावर मात्र हात आपोआप मराठी सहीकडे वळला. इस्लामपूरच्या बँकेत वडिलांनी खातं उघडून दिलं तेव्हा मॅनेजरसमोर बसून ठरवलेली ती सही, नावाखाली रेघ आणि रेघेखाली दोन ठिपके. महत्त्वाच्या कागदावर माझ्या हातून तीच होते.

पहिल्यांदा राग आला. आपल्याकडे बोटाला शाई लागली की झालं, पुन्हा कोणी विचारायला येत नाही. शिवाय कागद अनेक भाषांत होता, त्यात हिंदीसुद्धा होती, आणि मराठी नव्हती. तेही लागलंच मनाला. मग रात्री पुन्हा तो कागद वाचला तेव्हा वेगळंच जाणवलं. लाखो पाकिटांतून कोणीतरी माझं पाकीट हातात घेतलं होतं, माझ्या नावाखालची रेघ पाहिली होती, शंका आल्यावर पाकीट कचऱ्यात न टाकता मला पत्र लिहिलं होतं. ही सही तुमचीच का, एवढं विचारायला. माझ्या सहीची इतकी चौकशी आजवर कोणी केली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तो कागद घेऊन मी शेजारच्या सेन्योरांकडे (स्पॅनिशमध्ये सेन्योरा म्हणजे 'बाई') गेले. आम्ही राहतो ते माँटेबेलो, लॉस एंजेलिसच्या पूर्वेला. आजूबाजूला बहुतेक वस्ती मेक्सिकन मुळाच्या लोकांची. या बाई पंचाहत्तरीच्या, उभा जन्म याच भागात गेलेल्या. मला त्या 'मीहा' म्हणतात, म्हणजे आपलं 'पोरी'. त्यांची इंग्रजी आणि माझी स्पॅनिश यांच्या मध्ये कुठेतरी आमचं जमतं. त्यांनी चष्मा चढवला, कागद अगदी सावकाश वाचला आणि म्हणाल्या, "हे पत्र चांगलं आहे. आमच्या बायकांच्या सह्या घेतल्या तेव्हा असं पत्र कोणी पाठवलं नव्हतं." आणि मग त्यांनी ग्लोरियाचं नाव काढलं. आडनाव नाही, नुसतं ग्लोरिया, जसं आपल्याकडे गावातल्या बाईला सगळे 'अक्का' म्हणतात तसं.

ग्लोरिया मोलिना. मी राहते त्याच माँटेबेलोत १९४८ मध्ये जन्मल्या, शेजारच्या पिको रिव्हेरात वाढल्या. दहा भावंडांत थोरल्या. थोरली मुलगी म्हणजे काय ते मी तुम्हाला सांगायला नको. कॉलेज करता करता वकिलांच्या कचेरीत सेक्रेटरीचं काम धरलं. २०२३ च्या मे महिन्यात गेल्या, कर्करोगाने. डाउनटाउनमध्ये म्युझिक सेंटर आणि सिटी हॉलच्या मधली ती मोठी बाग आहे ना, गुलाबी खुर्च्यांची, जिच्या कारंज्यात मुलं भिजतात तो फोटो मी टाकला होता, ती आता त्यांच्या नावाने आहे. तो फोटो टाकताना मला हे नाव माहीत नव्हतं.

सेन्योरांनी सह्या म्हटलं त्या कुठल्या, ते आधी सांगते, कारण त्यानंतर दोन रात्री मी वाचतच बसले.

१९६० च्या दशकाच्या शेवटी आणि १९७० च्या सुरुवातीला इथल्या काउंटीच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात बाळंतपणाला आलेल्या मेक्सिकन बायकांची नसबंदी केली गेली. कळा चालू असताना, सिझेरियनच्या टेबलावर नेता नेता, इंग्रजी फॉर्म पुढे धरायचे. इथे सही कर. बऱ्याच जणींना इंग्रजी वाचता येत नव्हतं. काहींना वाटलं, बाळ वाचवण्यासाठी ही सही लागते. काहींना फार पुढे, दुसऱ्या डॉक्टरकडे गेल्यावर कळलं की आता मूल होणार नाही. १९७५ मध्ये दहा जणींनी फेडरल कोर्टात दावा लावला, माद्रिगाल विरुद्ध क्विलिगन. त्यांच्याबरोबर फिर्यादी म्हणून उभी राहिली 'कोमिसिओन फेमेनिल', मेक्सिकन अमेरिकन बायकांनी बांधलेली संघटना. तिच्या लॉस एंजेलिस शाखेच्या पहिल्या अध्यक्षा ग्लोरिया मोलिना. १९७८ मध्ये न्यायाधीशाने निकाल डॉक्टरांच्या बाजूने दिला. म्हणणं काय, तर भाषेमुळे आणि संस्कृतीमुळे गैरसमज झाला. दावा हरला, पण त्यानंतर फॉर्म स्पॅनिशमध्येही आले आणि सही आणि शस्त्रक्रिया यांच्यामध्ये विचाराला वेळ द्यायचा नियम आला.

हे वाचताना मला दुसरं काही सुचेना. १९७५-७६ मध्ये आपल्याकडे काय चाललं होतं ते माझ्या घरातल्या मोठ्यांनी पाहिलेलं. माझे आजोबा सांगायचे, नसबंदीवाल्यांची जीप दिसली की पुरुष उसात पळायचे. तेव्हा अमेरिकेकडे बोट दाखवून 'बघा, यांनीही केलं' म्हणण्यात मला समाधान नाही. पण आपल्याकडच्या त्या दिवसांबद्दल इथले लोक मला विचारतात तेव्हा त्यांच्या आवाजात एक अंतर असतं, जणू अशा गोष्टी फक्त तिकडे होतात. त्या रुग्णालयाची इमारत माझ्या घरापासून गाडीने वीस मिनिटांवर आहे. काउंटीने या प्रकरणी माफी मागितली ती २०१८ मध्ये. चाळीस वर्षांनी.

ग्लोरियाबाईंचं राजकारण असं, सहीवरून सुरू झालं. निदान सेन्योरा तसं मानतात आणि मलाही ते पटतं.

पुढची वाट मात्र आपल्याकडच्या कुठल्याही कार्यकर्तीला ओळखीची वाटेल. १९७४ मध्ये आर्ट टोरेस नावाच्या तरुण नेत्याच्या प्रचारात राबल्या, तो राज्याच्या असेंब्लीत निवडून आला तेव्हा त्याच्या कार्यालयात काम केलं. जिमी कार्टर निवडून आल्यावर व्हाइट हाउसमध्ये नेमणुका पाहणाऱ्या विभागात गेल्या. परत येऊन असेंब्लीचे सभापती विली ब्राउन यांचं लॉस एंजेलिसचं काम बघितलं. म्हणजे आठ वर्षं दुसऱ्याची फाइल, दुसऱ्याचा फोन, दुसऱ्याचं भाषण. १९८२ मध्ये टोरेस वरच्या सभागृहात जायला निघाले आणि असेंब्लीची जागा मोकळी झाली. ग्लोरियाबाई म्हणाल्या, मी लढते. आणि त्यांच्याच लोकांनी, ज्यांच्यासाठी खस्ता खाल्ल्या त्याच मेक्सिकन अमेरिकन पुरुष नेत्यांनी सांगितलं, थांब. बाई निवडून येणार नाही, पैसे कोण देणार, उमेदवार आम्ही ठरवलाय. उमेदवार होते रिचर्ड पोलांको. टोरेस त्यांच्या बाजूने, रिचर्ड अलाटोरे त्यांच्या बाजूने, सगळी फौज त्यांच्या बाजूने.

बाई थांबल्या नाहीत. बायकांनी घरोघर जाऊन प्रचार केला. त्या जिंकल्या आणि कॅलिफोर्नियाच्या असेंब्लीत जाणारी पहिली लॅटिना, म्हणजे लॅटिन अमेरिकन मुळाची बाई, ठरल्या. १९८७ मध्ये लॉस एंजेलिस शहराच्या कौन्सिलवर, तिथेही पहिली लॅटिना.

असेंब्लीत असतानाची एक लढाई सेन्योरांच्या घरातली आहे, म्हणून सांगते. १९८५ मध्ये राज्य सरकारने ईस्ट लॉस एंजेलिसच्या वस्तीजवळ मोठा तुरुंग बांधायचं ठरवलं. ग्लोरियाबाईंनी त्याविरुद्ध आवाज उठवला आणि चर्चमधून येणाऱ्या आया रस्त्यावर उतरल्या. 'मदर्स ऑफ ईस्ट लॉस एंजेलिस' हे नाव तेव्हाचं. डोक्याला पांढरे रुमाल बांधून दर आठवड्याला पुलावरून मोर्चा. सेन्योरांचा रुमाल अजून कपाटात आहे. त्यांनी तो काढून माझ्यासमोर टेबलावर पसरला, एका कोपऱ्याला चहाचा डाग आहे, तो त्या दिवसांतलाच म्हणाल्या. तुरुंगाचा बेत कायद्याने रद्द झाला १९९२ मध्ये. सात वर्षं.

आता मी ज्यासाठी हे लिहायला बसले तो भाग. मला दोन आठवडे दुसरं काही सुचत नाहीये, तेव्हा थोडं सविस्तर सहन करा.

काउंटी म्हणजे आपला जिल्हा समजा. लॉस एंजेलिस काउंटीत आज सुमारे एक कोटी माणसं राहतात. तुरुंग, सरकारी दवाखाने, अनाथ मुलांची जबाबदारी, गरिबांची मदत, सगळं काउंटीकडे. वर्षाचं अंदाजपत्रक चाळीस अब्ज डॉलरच्या वर. आणि हे सगळं चालवणारे किती? पाच. पाच सुपरवायझर. कायदेही तेच करतात, कारभारही तेच हाकतात. लोक त्यांना 'पाच छोटे राजे' म्हणत. एकेकाच्या वाट्याला वीस लाख माणसं. मुंबई महापालिकेत २२७ नगरसेवक आहेत, हे मी ऑफिसात सांगितलं तेव्हा कोणाला खरं वाटेना. सांगताना मला बरं वाटलं. (मार्च २०२२ नंतर मुंबईत कित्येक वर्षं प्रशासकच कारभार पाहत होता, हे मी तेव्हा सांगितलं नाही. विचारलं नव्हतं कोणी.)

तर या पाच जणांत १८७५ नंतर एकही हिस्पॅनिक माणूस नव्हता. ज्या शहराचं नावच स्पॅनिश, ज्या काउंटीत १९९० च्या जनगणनेत दर तीन माणसांत एकाहून जास्त लॅटिनो, तिथे शंभराहून अधिक वर्षं एकही नाही. कसं झालं असेल? तुम्ही महाराष्ट्रात राहता, तुम्हाला उत्तर माहीत आहे. वॉर्ड फोडला. १९८१ मध्ये प्रभागरचना झाली तेव्हा पाच राजांनी नकाशा असा आखला की लॅटिनो वस्ती एका मतदारसंघात एकवटू नये, तुकडे होऊन ती वेगवेगळ्या मतदारसंघांत पडावी. प्रत्येकाची खुर्ची शाबूत. १९८८ मध्ये यावर खटला झाला, गार्झा विरुद्ध लॉस एंजेलिस काउंटी. १९९० मध्ये न्यायाधीश डेव्हिड केनियन यांनी निकाल दिला की हे जाणूनबुजून केलं. आपल्या जागा टिकवायला लोकांची वस्ती फोडली. नवा नकाशा आखा, पुन्हा निवडणूक घ्या.

मी हा निकाल वाचला आणि जागची उठून पाणी प्यायले. कारण हे असं कोर्टात सिद्ध होतं, हेच मला माहीत नव्हतं. आमच्याकडे प्रभागरचना जाहीर झाली की चौकात, कट्ट्यावर सगळ्यांना कळतं कोणासाठी कुठली गल्ली कापली. हरकती घेतात, सुनावणी होते, आणि मग निवडणूक. कोणाच्या तोंडून मी कधी 'हे बदलेल' असं ऐकलं नाही. 'त्यांनी करायचं ते केलं' एवढंच. इथे बदललं. उशिरा, पण बदललं. याचं कौतुक मला मनापासून आहे. त्याच वेळी हेही म्हणेन की आपल्याकडे बाईची जागा कायद्यात लिहिलेली आहे. नव्वदच्या दशकात घटनेतच एक तृतीयांश आली, २०११ पासून महाराष्ट्रात निम्मी. माझ्या छोट्या गावाच्या पंचायतीत तेव्हा तीन बायका होत्या. अमेरिकेत अशी एकही राखीव जागा नाही. ग्लोरियाबाईंना मिळालं ते त्यांनी ओढून घेतलं.

कोर्टाने आखायला लावलेल्या त्या नव्या मतदारसंघात १९९१ च्या सुरुवातीला निवडणूक झाली. शेवटच्या फेरीत समोरासमोर कोण? ग्लोरिया मोलिना आणि आर्ट टोरेस. सतरा वर्षांपूर्वी ज्याच्या प्रचारात ही बाई राबली होती, तोच. १९ फेब्रुवारीला बाई जिंकल्या. काउंटीच्या बोर्डावर मतांनी निवडून आलेली ती पहिली बाई. तिच्या आधी एक होत्या, इव्हॉन ब्रेथवेट बर्क, पण त्या आधी नेमणुकीने आल्या होत्या. मतदारांनी निवडून दिलं ते पुढे, १९९२ मध्ये.

तिथे त्या २०१४ पर्यंत राहिल्या, मुदतीची मर्यादा आड आली तेव्हाच सुटल्या. त्यांच्याबद्दल सगळे एकच सांगतात: वाचून यायच्या. अधिकारी फाइल घेऊन उभा राहिला की त्याच्यापेक्षा जास्त पानं त्यांनी वाचलेली असायची, आणि मग प्रश्न. फार कडक, काहींच्या मते उर्मट. पुरुषाला असल्या वागण्याबद्दल 'करारी' म्हणतात, ते तिकडेही तसंच आहे. पक्षातही त्यांचं वजन होतं. १९९६ पासून २००४ पर्यंत त्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या राष्ट्रीय समितीच्या उपाध्यक्षांपैकी एक होत्या. इथली एक गंमत म्हणजे काउंटीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही. मतपत्रिकेवर नावापुढे पक्ष नसतो. त्यामुळे पक्षाचं काम वेगळं आणि गल्लीचं काम वेगळं, दोन्ही टोकं एकाच बाईने धरून ठेवली.

आणि तेच रुग्णालय. ज्या रुग्णालयात त्या सह्या घेतल्या होत्या, ते भूकंपानंतर नव्याने बांधायचं ठरलं तेव्हा बोर्डाने ६०० खाटा म्हटलं. ग्लोरियाबाई ७५० साठी वर्षानुवर्षं भांडल्या. हरल्या. २००८ मध्ये ६०० खाटांचंच नवं रुग्णालय उघडलं. मला त्यांच्या जिंकण्यापेक्षा हे हरणं जास्त जवळचं वाटतं. विशीत असताना ज्या दारावर जाऊन ती बाई बायकांसाठी उभी राहिली, साठीला पोचेपर्यंत त्याच दाराच्या आत किती खाटा असाव्यात यावर ती भांडत होती.

आता काकू. माझी काकू आमच्या गावच्या पंचायतीची सदस्य होती, त्या तीन बायकांपैकी एक. काका सगळ्यांना सांगायचे, "जागा बायकांची निघाली, म्हणून हिला उभी केली." बैठकीला काका जायचे. मग शिपाई ठरावाची वही घेऊन घरी यायचा, लाल कापडी बांधणीची. काकू परातीतले हात पदराला पुसायची, उंबऱ्याशी बसायची. शिपाई बोट ठेवायचा, "इथं करा वैनी." काकू सही करायची, दोन अक्षरं आणि आडनाव.

मी सातवीत असताना एकदा काकूने वही माझ्यापुढे केली. "काय लिवलंय, वाच बरं." मी वाचलं. आमच्या आळीतला सार्वजनिक नळ काढून दुसरीकडे न्यायचा ठराव होता. कोणाच्या दारात जाणार ते लिहिलं नव्हतं, पण काकूला कळलं. तिने वही मिटून शिपायाच्या हातात दिली. "आज नाही करत," म्हणाली. त्या रात्री घरात जे झालं ते मी लिहिणार नाही. दुसऱ्या दिवशीही वही आली, परत गेली. तिसऱ्या दिवशी तिने सही केली.

ही गोष्ट मी इथे काही मैत्रिणींना सांगितली आहे. त्या मान हलवतात, डोळ्यांत दया येते, आणि मला ते सहन होत नाही. त्यांना तिसरा दिवस दिसतो. मला पहिले दोन दिसतात. जिच्या पाठीशी ना संघटना होती, ना वकील, ना वर्तमानपत्र, त्या बाईने दोन दिवस अख्ख्या पंचायतीला थांबवून धरलं. ग्लोरिया मोलिनाबद्दल वाचताना मला सारखी तीच दिसत होती, हे कोणाला पटो न पटो.

आणि स्वतःबद्दलही एक सांगायला हवं. लॉस एंजेलिसला येण्याआधी आम्ही दुसऱ्या राज्यात होतो. तिथल्या एका मराठी मंडळात चार वर्षं गणपतीचा अडीचशे पानांचा स्वयंपाक आम्ही बायकांनी केला. हिशेब मी ठेवायचे, हॉलचं आरक्षण मी करायचे. अध्यक्षपदाची वेळ आली तेव्हा दोघी-तिघींनी माझं नाव सुचवलं. एक ज्येष्ठ सद्गृहस्थ म्हणाले, "ताई, तुम्ही पुढच्या वर्षी बघा, या वर्षी आम्ही ठरवलंय." मी बरं म्हणाले. धाकटी तेव्हा दहा महिन्यांची होती, नवरा आठवड्यातले चार दिवस बाहेरगावी. तेव्हा मागे सरले त्याचं मला वाईट वाटत नाही, आजही नाही. पण 'पुढच्या वर्षी बघा' हे शब्द इंग्रजीत, १९८२ च्या ईस्ट लॉस एंजेलिसमध्ये, दुसऱ्या बाईला उद्देशून वाचले आणि मानेवर काटा आला.

सेन्योरांकडे जाणं आता रोजचं झालंय. त्या गोधडी शिवतात. इथे त्याला क्विल्ट म्हणतात, आणि ग्लोरियाबाईंनाही त्याचं वेड होतं. त्यांनी ईस्ट लॉस एंजेलिसच्या बायकांचा शिवणाऱ्यांचा गटच उभा केला. बोर्डाची कागदपत्रं वाचून संपली की सुई-दोरा. मी माझ्या आईने दिलेली गोधडी दाखवायला नेली. सेन्योरांनी ती उलटी करून पाहिली, शिवणारी बाई आधी उलटी बाजूच बघते. आमचा धावदोरा लांब, एका रांगेत, कडेपासून मध्याकडे चौकटी करत जाणारा. जुन्या लुगड्यांचे थर आत एकमेकांवर. त्यांचे टाके अगदी बारीक, तांदळाच्या कणीएवढे, आणि आत कापसाचा पातळ थर. त्यांनी माझ्या आईच्या एका टाक्यावर नख फिरवलं आणि म्हणाल्या, ही बाई घाईत शिवत नव्हती.

निवडणुकीचा निकाल कळला तेव्हा त्यातला एक प्रस्ताव मी पुन्हा पुन्हा पाहिला. 'मेझर जी'. पाचाचे नऊ सुपरवायझर करायचे आणि काउंटीचा प्रमुख थेट लोकांनी निवडायचा. थोडक्या मतांनी पास झाला. आज ते पाचही सुपरवायझर बायका आहेत, २०२० पासून. ग्लोरियाबाई एकट्या आल्या होत्या त्या खोलीत. नऊ जागांचा नकाशा २०३० च्या जनगणनेनंतर आखतील, आणि या वेळी राजे आखणार नाहीत. नागरिकांचा १४ जणांचा स्वतंत्र आयोग आहे, साध्या मतदारांनी अर्ज करून त्यात जायचं.

"तू आकडे चांगले बघतेस," सेन्योरा म्हणाल्या, "तू कर अर्ज."

मी म्हणाले, बघू. त्या काही बोलल्या नाहीत, सुईत दोरा ओवत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी तेव्हा नसेन, मीहा. म्हणून आत्ता सांगते."

त्या चौकटीत मी इंग्रजी सही केली, नोंदीत आहे तशी. हात थोडा अवघडला. वरचा मजकूर आधी पूर्ण वाचला, इंग्रजीतही आणि हिंदीतही. आठवड्याने फोनवर संदेश आला: तुमची मतपत्रिका मोजली गेली. मी चपला सरकवून तशीच शेजारी गेले. सेन्योरांच्या मांडीवर अर्धी शिवलेली गोधडी होती, दुसरं टोक जमिनीवर लोळत होतं. मी फोन पुढे केला. त्यांनी वाचलं, मान हलवली आणि हाताने खूण केली, ते टोक धर. मी धरलं. दोघींनी मिळून ती ताणली आणि त्यांनी पुढचा टाका घातला.